वासना या शब्दाचे काय झाले?

शब्दांनाही प्राक्तन असते. काही शब्द साध्या घरात जन्मतात आणि पुढे मोठ्यांच्या पंगतीला बसतात. काही चांगल्या कुळातले असूनही बदनाम होतात. 'वासना' हा दुसऱ्या प्रकारातला शब्द. आज हा शब्द कदंबच्या बसमध्ये कुणी जरा मोठ्याने उच्चारला तर चार माणसे वळून बघतील. वर्तमानपत्राच्या मथळ्यात तो दिसला की खाली कसली बातमी असणार हे वाचायलाच नको. शाळेतल्या बाई 'वाक्यात उपयोग करा' म्हणून हा शब्द चुकूनही देणार नाहीत.

गंमत अशी की या शब्दाचा जन्म फुलांच्या सुगंधातला आहे, आणि त्याचे जवळजवळ सगळे आयुष्य तत्त्वज्ञान, नाट्यशास्त्र, संतवाणी आणि स्वयंपाकघर यांत गेले आहे. मग तो पोलीस चौकीच्या बातम्यांत कसा येऊन पडला? या शब्दाची वाट आज जरा मागे जाऊन पाहू. विषय नाजूक आहे खरा, पण त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आधी व्युत्पत्ती. संस्कृतातले जाणकार वासनेची नाळ 'वस्' आणि 'वास्' या धातूंशी जोडतात. एकाचा अर्थ राहणे, मुक्काम करणे. दुसऱ्याचा अर्थ सुगंधित करणे. निवास, वसती, वास्तव्य ही एका बाजूची भावंडे, तर सुवास, सुवासिक ही दुसऱ्या बाजूची. वासनेत या दोन्ही बाजू एकत्र आल्या. वस्तू निघून गेली तरी तिचा जो वास मुक्कामाला राहतो, ती वासना.

जुन्या काळी सुगंधी तेल कसे करत ते आठवा. चमेलीच्या फुलातून काही तेल निघत नाही. तीळ आणि फुले यांचे थर एकावर एक घालून ठेवत. फुले कोमेजली की ती काढून ताजी घालत. असे बरेच दिवस केले की तिळांत फुलांचा गंध मुरत असे. मग ते तीळ घाण्याला लावत. तेल तिळाचे, पण गंध चमेलीचा. फूल केव्हाच गेलेले असे. साधारण चौथ्या शतकातल्या असंग या बौद्ध आचार्याने आपल्या 'महायानसंग्रह' या ग्रंथात वासना म्हणजे काय हे सांगताना नेमका हाच तिळाफुलांचा दाखला दिला आहे. माणूस जे करतो, बोलतो, मनात आणतो, ते त्या क्षणी संपते, पण मनाच्या तिळात त्याचा गंध राहतो.

आपल्याला हे समजायला ग्रंथ उघडायची गरज नाही. सुरंगीचा वळेसर काढून पेटीतल्या लुगड्याशेजारी ठेवला तर दुसऱ्या वर्षी पेटी उघडताना सुरंगीच आठवते. काजूच्या फेणीची बाटली राखेने, साबणाने कितीही धुवा, त्यात पाणी ओतून प्यायलात तर कळतेच आधी काय होते ते. हिंगाच्या डब्याचेही तसेच.

बौद्ध परंपरेत याविषयी एक फार सुंदर गोष्ट आहे. पिलिंदवच्छ नावाचा एक भिक्षू होता. अर्हतपदाला पोचलेला, राग-लोभ पूर्ण जिंकलेला. पण समोरच्या माणसाला तो 'वसल' म्हणून हाक मारायचा. वसल म्हणजे नीच, हलक्या कुळातला. इतर भिक्षूंनी बुद्धांकडे तक्रार केली. बुद्धांनी सांगितले की याच्या मनात कुणाविषयी द्वेष नाही, पण मागचे पाचशे जन्म हा सलग ब्राह्मण कुळात जन्मला, त्या बोलण्याची सवय अजून जिभेवर आहे. टीकाकारांनी या उरलेल्या सवयीला वासना म्हटले आहे. पहा, इथे वासनेचा शरीरसुखाशी काडीचाही संबंध नाही. जन्माने आलेला मोठेपणा, तो मनातून गेल्यावरही जिभेवर उरतो, ती वासना. अशी वासना आपल्या ओळखीच्या किती जणांत सापडेल याचा हिशेब ज्याने त्याने करावा!

योगसूत्रांच्या चौथ्या पादातही हा शब्द येतो. तिथे वासना म्हणजे पूर्वीच्या कर्मांनी मागे ठेवलेले संस्कार, जे अनुकूल परिस्थिती मिळाली की जागे होतात. चौदाव्या शतकात विद्यारण्यांनी 'जीवन्मुक्तिविवेक' लिहिला. माणसाला बांधून ठेवणाऱ्या तीन वासना त्यात मुख्यतः सांगितल्या आहेत. पहिली लोकवासना, म्हणजे सगळ्या जगाने मला चांगले म्हणावे, कुणीही नावे ठेवू नयेत ही धडपड. दुसरी शास्त्रवासना, म्हणजे ग्रंथांमागून ग्रंथ वाचत सुटायचे व्यसन. त्यासाठी भरद्वाजाचे उदाहरण आहे. अनेक आयुष्ये वेदाध्ययनात घालवूनही ज्याची हौस भागली नाही, त्याला इंद्राने डोंगर दाखवून सांगितले की तू वाचलेस ते मूठभर आहे. तिसरी देहवासना, म्हणजे हे शरीर म्हणजेच मी असे समजून त्याला सजवत, जपत बसणे. तीनही वाचून झाल्यावर लक्षात येते की आज ज्या एका अर्थाने आपण हा शब्द वापरतो, त्याला विद्यारण्यांनी स्वतंत्र जागासुद्धा दिलेली नाही. उलट विद्वानांचे वाचनवेड मात्र त्यांनी वासनांच्या यादीत मांडले आहे.

आता जरा नाटकाकडे वळू, कारण गोव्याचा माणूस नाटकाशिवाय फार वेळ बसू शकत नाही. आपल्या अलंकारशास्त्रात प्रेक्षकाला रस कशामुळे मिळतो याचा मोठा विचार झालेला आहे. अभिनवगुप्तांचे उत्तर असे की रतीची, शोकाची, उत्साहाची, भयाची वासना प्रत्येकाच्या मनात आधीपासून असते. रंगमंचावरचा प्रसंग तिला जागे करतो. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त तर एक मजेदार वचन उद्धृत केले आहे. त्याचा आशय असा की ज्यांना वासनाच नाही, ते नाट्यगृहातल्या लाकडासारखे, भिंतीसारखे आणि दगडासारखे. म्हणजे देवळापुढच्या मांडवात जत्रेच्या नाटकाला रात्री दोन वाजता डोळे पुसत बसलेली आपली माणसे ही वासना असलेली माणसे. मांडवाचा खांब तेवढा निर्वासन! हा शब्द इथे किती मानाने बसला आहे पहा. ज्याला वासना नाही तो रसिक होऊच शकत नाही.

मराठीत हा शब्द आला तो असा भरल्या घरातून. शके १२१२ मधल्या ज्ञानेश्वरीपासून तुकोबांपर्यंत संतांनी तो सढळ हाताने वापरला. त्यांच्या लेखी वासना ही कशाचीही असते. धनाची, मानाची, मुलाबाळांची, अगदी देवाच्या पायांचीसुद्धा. संत वासनेपासून सावध राहायला सांगतात हे खरे, पण ते तिला विशेषण लावून सांगतात. समर्थ रामदासांनी मनाच्या श्लोकांत सुरुवातीलाच मनाला वासनेविषयी बजावले, तेव्हा तिच्यापुढे 'दुष्ट' असा शब्द घातला. वासना हा शब्दच वाईट असता तर त्याला वेगळे दुष्ट म्हणण्याचे कारण काय होते? त्याच श्लोकांत काम आणि क्रोध यांचा समाचार त्यांनी वेगळा घेतला आहे. काम निराळा आणि वासना निराळी हे त्या काळच्या ऐकणाऱ्याला ठाऊक होते. मराठी बायबल उघडलेत तरी योहानाच्या पहिल्या पत्रात देहाची आणि डोळ्यांची अशा वासना वेगवेगळ्या सांगितलेल्या दिसतात. वासना कशाची, हे सांगावेच लागत होते.

'कामवासना', 'विषयवासना' हे जोडशब्द याचाच पुरावा आहेत. नुसत्या वासनेने तो अर्थ निघत असता तर पुढे 'काम' जोडायची गरज पडली नसती.

पोथ्यांपेक्षा मोठा पुरावा घरात आहे. आजारातून उठलेल्या माणसाबद्दल जुन्या बायका सहज म्हणत, 'अन्नावरची वासना उडाली आहे त्याची.' चार दिवसांनी माणूस पेज आणि खारातली कैरी मागू लागला की म्हणत, 'वासना झाली, आता बरा होईल.' सत्तरी ओलांडलेल्या बाईने हे वाक्य चारचौघांत बोलावे आणि कुणाच्या भुवया वर जाऊ नयेत, असा तो काळ फार जुना नाही. आजची सून हे वाक्य बोलणार नाही. ती म्हणेल, 'त्यांना भूक नाही,' किंवा 'इच्छा नाही.' अर्थ पोचतो, पण थोडा कमीच पोचतो. भूक पोटाची असते, इच्छा डोक्याची. जिभेला, नाकाला आणि मनाला एकदम जे हवेसे वाटते त्यासाठी जो शब्द होता तो आपण गमावला.

एका जागी मात्र हा शब्द अजून आपल्या जुन्या अर्थाने जिवंत आहे. ती जागा म्हणजे दहाव्याचा घाट. पिंड ठेवलेला असतो, सगळे लांब उभे राहून वाट बघत असतात आणि कावळा काही शिवत नाही. मग कुजबुज सुरू होते, 'कसली तरी वासना राहिली आहे.' कुणी पुढे होऊन हात जोडतो आणि म्हणतो, 'धाकटीचे लग्न आम्ही करून देऊ.' मग दुसरा पुढे येतो, 'भाटाचा वाटा भावाला नीट देऊ, कोर्टाची पायरी चढणार नाही.' तिसरा म्हणतो, 'आईला आम्ही सांभाळू.' अखेर कावळा येतो, नाहीतर भटजी दर्भाचा कावळा करून वेळ भागवतात. तिथे भटजी, सुना, लेकी, शेजारी सगळ्यांच्या देखत वासना हा शब्द उच्चारला जातो आणि कुणालाही तो अवघड वाटत नाही. मेलेल्या माणसाचे जे करायचे राहून गेले, ज्यात त्याचा जीव अडकला, ती वासना. फूल गेले आणि गंध मागे राहिला, हाच तो असंगाचा तीळ. सोळा-सतरा शतकांनंतर आपल्या नदीकाठावर तो तसाच सापडतो.

मग अर्थ आकसला कसा? माझा एक तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्यावा. शरीरसुखाच्या इच्छेसाठी संस्कृतात स्वच्छ आणि प्रतिष्ठित शब्द होता, 'काम'. चार पुरुषार्थांत त्याला स्थान आहे. ऋग्वेदाच्या नासदीय सूक्तात सृष्टीच्या आरंभी तो आहे, अथर्ववेदात त्याची सूक्ते आहेत, वात्स्यायनाने त्याच्यावर शास्त्र लिहिले. पण मराठीत या बिचाऱ्याची जागा आधीच दुसऱ्याने अडवली होती. संस्कृत 'कर्म' प्राकृतात 'कम्म' झाले आणि मराठीत 'काम' झाले. 'तो काम' म्हणजे इच्छा, आणि 'ते काम' म्हणजे कचेरीतले काम. लिंग वेगळे, कूळ वेगळे, पण कानाला दोन्ही सारखेच. आम्हा कारकुनांकडे दिवसभरात पन्नास माणसे 'काम होते जरा' असे म्हणत येतात, त्यांतल्या एकाच्याही मनात वात्स्यायन नसतो. रोजच्या बोलण्यात 'ते काम' जिंकले आणि 'तो काम' कीर्तनापुरता, पुस्तकापुरता उरला. तेव्हा या इच्छेला बोलण्यातला दुसरा शब्द हवा होता. तो भार कामवासनेवर पडला, आणि पुढे तोंडाच्या सोयीने 'काम' गळून नुसती वासना राहिली.

दुसरे कारण 'वास' या शब्दातच दिसते. वास म्हणजे नुसता गंध, चांगला किंवा वाईट. पण आज 'दुधाला वास येतोय' म्हटले की दूध नासले असेच आपण समजतो. चांगल्या वासाला 'सु' लावून सुवास म्हणावे लागते. आईचे जे झाले तेच लेकीचे झाले. चांगल्या वासनेला आता 'सद्' लावावे लागते, आणि 'सद्वासना' हा शब्द शेवटचा कधी ऐकलात ते आठवून पहा.

इथपर्यंत ही शब्दांची गंमत आहे. पुढचा भाग मात्र गंमतीचा नाही.

१९९४ साली जळगावात एक भयंकर प्रकरण उघडकीला आले. मुलींना, तरुणींना जाळ्यात ओढायचे, त्यांची छायाचित्रे काढायची आणि ती दाखवण्याची धमकी देऊन त्यांचे शोषण करायचे, असे आरोप होते. पैसा, ओळखी, राजकीय वजन असलेल्या लोकांची नावे त्यात घेतली जात होती. मराठी वर्तमानपत्रांनी या प्रकरणाला नाव दिले 'जळगाव वासनाकांड'. आजही ते याच नावाने ओळखले जाते. वाचकहो, आता त्या नावाकडे नीट पहा. धमकी, खंडणीसारखा व्यवहार, सत्तेचा माज, संगनमत, या सगळ्यातले काहीही त्या नावात नाही. त्यात फक्त वासना आहे. जणू काही माणसांना एक अनावर इच्छा झाली आणि तिच्या हातून हे घडले!

तेव्हापासून काय किंवा त्याच्या आधीपासून काय, मथळे ठरून गेले आहेत. 'वासनांध नराधम', 'वासनेची शिकार', 'वासनेला बळी'. लिहिणाऱ्याच्या मनात संतापच असतो, यात शंका नाही. पण वाक्याचा कर्ता कोण आहे ते पहा. मुलगी बळी गेली ती वासनेला. म्हणजे गुन्हा वासनेने केला. माणूस तर आंधळा होता बिचारा, त्याला दिसतच नव्हते. आंधळ्याला आपण दोष देतो का? आणि मग शेजारची चर्चा कुठे वळते, तर वासना चाळवली कशी, मुलीने घातले काय होते, इतक्या रात्री ती बाहेर कशाला होती. अर्थाचा हा घसरडा उतार त्या मथळ्यापासूनच सुरू होतो.

या बाबतीत कायद्याची भाषा कितीतरी बरी आहे. ती रुक्ष असते, रोज तिच्याशी गाठ पडते म्हणून मला ती फारशी आवडत नाही, पण इथे तिने नेमके बोट ठेवले आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत बलात्काराची व्याख्या वासनेभोवती नव्हती, संमतीभोवती होती. २०१३ च्या दुरुस्तीने संमती कशाला म्हणायचे हेही स्पष्ट लिहिले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या ६३ व्या कलमातही मुख्य प्रश्न तोच आहे. ती हो म्हणाली होती का? आपल्या गोव्याने तर २००३ मध्येच मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला, देशाचा 'पॉक्सो' कायदा येण्याच्या नऊ वर्षे आधी. त्यात मुलांवरचे कोणते कृत्य गुन्हा ठरेल हे एकेक करून सांगितले आहे. कर्त्याच्या मनात काय उसळले होते याच्याशी त्या व्याख्यांना देणेघेणे नाही. न्यायालय कृत्य विचारते, आणि आपण मात्र वासना विचारत बसतो.

दुसरे नुकसान घरातले आहे. जो शब्द फक्त गुन्ह्याच्या बातमीत वापरला जातो, तो नवराबायकोने एकमेकांशी कसा बोलावा? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आपल्या शरीरात जे काही जागे होते आहे त्याला काय म्हणावे हे कसे सांगावे? 'वासना' म्हटले तर तो स्वतःला गुन्हेगार समजेल. 'काम' म्हटले तर त्याला गृहपाठ आठवेल. 'लैंगिक भावना' म्हटले तर जीवशास्त्राचे पुस्तक उघडल्यासारखे होते. शेवटी आपण इंग्रजी शब्दाआड लपतो, नाहीतर गप्प बसतो. बाईच्या बाबतीत तर आणखीच अवघड. 'वासनांध' हे विशेषण पुरुषाला लागते आणि 'बळी' हे बाईला. बाईला स्वतःलाही इच्छा असते हे सांगणारे साधे वाक्य या शब्दात बसतच नाही.

रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले ते याच मौनाविरुद्ध. ही इच्छा भुकेइतकीच स्वाभाविक आहे आणि ती स्त्रीलाही तितकीच असते, एवढे साधे म्हणणे. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. दंड झाला, मासिक तोट्यात गेले, तरी कर्वे लिहीत राहिले. त्यांच्या नावाचे आज चित्रपट आणि नाटके होतात, पण त्यांनी ज्या मोकळेपणाने मराठीत लिहिले तो मोकळेपणा आपल्या बैठकीच्या खोलीत अजून आलेला नाही.

आता कुणी म्हणेल, शब्दाचा अर्थ बदलला तर बदलला, भाषा वाहती असते. मान्य आहे. कुणाच्या सांगण्यावरून शब्द मागे फिरत नाहीत, आणि उद्यापासून सर्वांनी अन्नाची वासना म्हणावे असा माझा आग्रह नाही. पण दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. गुन्ह्याला गुन्ह्याचे नाव द्यावे. बलात्कार, धमकी, शोषण, विश्वासघात, हे सगळे शब्द मराठीत आहेत, आणि त्यांत करणारा माणूस लपत नाही. दुसरे म्हणजे वासनेला निदान घरातल्या घरात थोडी जागा परत द्यावी. ओढ, हौस, आस, चव, आठवण, हे सगळे एकेकाळी तिच्या पदराखाली होते.

पुढच्या वेळी घाटावर उभे राहून कावळ्याची वाट बघायची वेळ आली आणि कुणी हळूच म्हणाले, 'वासना राहिली असेल,' तर तो शब्द जरा लक्ष देऊन ऐका. जुन्या अर्थाने तो ऐकायला मिळण्याच्या जागा आता फार उरलेल्या नाहीत.